महार वतन विधेयक

महार वतन विधेयक हे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात मांडलेले अशासकीय विधेयक होय. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्दे अधिनियमात (प्रचलित नाव : वतन कायदा) दुरुस्ती करून महार वतनदारांना गावकामाच्या सक्तीतून मोकळे होण्याचा कायदेशीर मार्ग द्यावा, असा त्याचा उद्देश होता. प्रवर समितीने विधेयकात केलेल्या बदलांनंतर आंबेडकरांनी ते २४ जुलै १९२९ रोजी मागे घेतले. १९३७ मध्ये त्यांनी याच विषयावर पुन्हा विधेयक मांडले. तेही संमत झाले नाही. ही वतने अखेर मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम, १९५८ या कायद्याने १ ऑगस्ट १९५९ पासून संपुष्टात आली.

विधेयक कायद्यात उतरले नसले तरी त्यातील मागणी तीन दशके टिकून राहिली. कायदेमंडळातील एका प्रस्तावाची माहिती ज्यांच्यासाठी तो मांडला त्या लोकांपर्यंत वृत्तपत्रे, सभा आणि परिषदा यांच्याद्वारे सातत्याने पोहोचवली गेल्याचे महाराष्ट्रातील हे एक आरंभीचे उदाहरण आहे. या प्रक्रियेतील १९४१ ची परिषद नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे भरली होती.

पार्श्वभूमी

वतन, बलुते आणि गावकी

महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात पाटील, कुलकर्णी यांच्याप्रमाणेच महार हेही वतनदार होते. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हुद्दा आणि त्याबद्दल मिळणारे उत्पन्न. महार वतनाच्या उत्पन्नाचे मुख्य भाग दोन होते. पहिला भाग इनाम जमिनीचा. या जमिनींना अनेक गावांत ‘हाडकी’ किंवा ‘हाडवळा’ अशी नावे होती. त्यांवर पूर्ण शेतसाऱ्याऐवजी ‘जुडी’ नावाची कमी आकारणी होत असे. दुसरा भाग बलुत्याचा, म्हणजे सुगीच्या वेळी शेतकऱ्यांकडून मिळणाऱ्या धान्याचा. याखेरीज महारांचे बावन्न हक्क परंपरेने सांगितले जात. बेदरच्या बादशहाने ते दिले अशी आख्यायिका आहे.

या मोबदल्यात करावयाच्या कामाला ‘गावकी’ म्हणत. गावच्या वेशीवर पहारा देणे, सरकारी टपाल व वसुलाची रक्कम तालुक्याला पोहोचवण्यास सोबत करणे, दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांची सरबराई करणे, शिवेच्या खुणा दाखवणे, चावडीवर लोकांना बोलावून आणणे, मृत्यूची वार्ता परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढून नेणे अशी ही कामे होती. वेशीवर पहारा देणाऱ्याला येसकर व निरोपाचे काम करणाऱ्याला तराळ म्हणत. कामाचे तास ठरलेले नव्हते आणि कामांची यादीही नव्हती. महसूल खात्याखेरीज इतर खात्यांचे नोकरही त्यांच्याकडून काम करून घेत.

वतन सामाईक असल्याने गावकीची पाळी महारवाड्यातील कुटुंबांत फिरत असे. पाळी असलेला माणूस हजर नसेल, तर घरातील दुसऱ्या कोणाला तरी कामावर जावे लागे. पिढ्यानुपिढ्या कुटुंबे वाढत गेली; जमीन मात्र तेवढीच राहिली. परिणामी प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा लहान होत गेला आणि सेवेची बांधिलकी मात्र साऱ्या भावकीवर कायम राहिली.

१८७४ चा कायदा

ब्रिटिश सरकारने वंशपरंपरागत हुद्द्यांसंबंधीचे नियम १८७४ च्या तिसऱ्या अधिनियमात एकत्र केले. सरकारी कामासाठी उपयुक्त असलेली वतने या कायद्याने चालू ठेवली. पुढे कुलकर्ण्यांसारख्या वरिष्ठ वतनदारांच्या जागी पगारी नोकर नेमण्याकडे सरकारचा कल झाला; कनिष्ठ गावकामगारांच्या बाबतीत मात्र जुनीच व्यवस्था राहिली. सरकारच्या दृष्टीने तिचा लाभ उघड होता. महाराकडून काम सरकार घेत असे. त्याच्या मोबदल्याचा मोठा भाग मात्र गावकरी धान्याच्या रूपाने देत.

या रचनेत महार वतनदार दोन्ही बाजूंनी अडकलेला होता. सरकारी काम करताना तो गावाच्या मर्जीविरुद्ध गेला, तर गाव बलुते बंद करू शके. गावाच्या बाजूने राहिला, तर सरकारी शिक्षेचे भय असे. सार्वजनिक पाणवठ्यावर हक्क सांगणे किंवा मेलेली जनावरे ओढण्यास नकार देणे यांसारख्या गोष्टींवर बलुते रोखणे हा गावाच्या हातातील सोपा उपाय होता.

कोल्हापूर संस्थानातील निर्णय

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील महार वतने रद्द केली आणि वतनी जमिनी रयताव्याने महारांच्या नावे करून दिल्या. संस्थानात राजाच्या हुकुमाने हे शक्य झाले. ब्रिटिश मुंबई प्रांतात मात्र त्यासाठी कायद्यात दुरुस्ती करणे आवश्यक होते.

१९२८ चे विधेयक

मांडणी

१९१९ च्या भारत सरकार अधिनियमानुसार मुंबई प्रांतात एकच सभागृह असलेले कायदेमंडळ होते. अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून डॉ. आंबेडकर आणि डॉ. पी. जी. सोळंकी यांची त्यावर सरकारने नियुक्ती केली आणि १९२७ पासून आंबेडकर कामकाजात भाग घेऊ लागले. नियुक्त सदस्य असल्याने त्यांना निवडून देणारा मतदारसंघ नव्हता. मतदानाचा हक्क मालमत्तेवर आधारलेला असल्याने ज्यांच्यासाठी ते बोलत त्यांपैकी बहुतेकांना मतही नव्हते.

मंत्रिमंडळातील सदस्याने मांडलेल्या विधेयकास शासकीय, तर इतर सदस्याने मांडलेल्या विधेयकास अशासकीय विधेयक म्हणतात. महार वतन विधेयक दुसऱ्या प्रकारचे होते. त्या काळच्या द्विदल राज्यपद्धतीत जमीन महसूल हा ‘राखीव’ विषय होता, म्हणजे तो गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे होता आणि कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे नव्हता. त्यामुळे सरकारच्या अनुकूलतेवाचून असे विधेयक पार पडणे मुळातच कठीण होते.

प्रमुख तरतुदी

विधेयकाचा आशय पुढील चार मुद्द्यांत सांगता येतो.

१. ज्या वतनदाराला सेवा नको असेल त्याला वतनातून मुक्त होता यावे. त्याने जमिनीचा पूर्ण शेतसारा भरावा, जमीन रयतवारी पद्धतीने त्याच्याकडेच राहावी आणि गावकामाची सक्ती संपावी.
२. बलुत्याचे धान्याऐवजी रोख रकमेत रूपांतर व्हावे आणि ती रक्कम सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करून वतनदाराला द्यावी.
३. जे सेवेत राहतील त्यांना कामाच्या प्रमाणात योग्य मोबदला मिळावा.
४. वतनदाराकडून कोणती कामे घेता येतील ते निश्चित असावे.

यांपैकी पहिली तरतूद सर्वांत महत्त्वाची होती. सेवा सोडली की जमीनही जाणार, ही भीती तीमुळे नाहीशी होणार होती. दुसऱ्या तरतुदीने बलुते हे गावाच्या मर्जीवरचे देणे न राहता कायदेशीर देणे ठरणार होते. म्हणजेच बलुते रोखण्याचे गावाच्या हातातील साधन निघून जाणार होते आणि शेतकऱ्यावर सरकारमार्फत वसूल होणारी नवी रोख आकारणी येणार होती.

चर्चा, प्रवर समिती आणि माघार

विधेयकाच्या पहिल्या वाचनाच्या प्रस्तावावर ऑगस्ट १९२८ मध्ये चर्चा झाली. आंबेडकरांनी आपल्या भाषणात महारांच्या कामाचे अमर्याद स्वरूप, मिळणाऱ्या मोबदल्याची अल्पता आणि मोबदला देणारा व काम घेणारा वेगवेगळा असल्याने होणारी कोंडी यांवर भर दिला. सरकारला गावपातळीवर नोकर हवे असतील, तर इतर नोकरांप्रमाणे त्यांनाही सरकारी तिजोरीतून पगार मिळाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. विधेयक नाकारले गेल्यास महारांचा सार्वत्रिक संप संघटित करण्यासाठी आपण उरलेला वेळ खर्च करू, असा इशाराही त्यांनी दिला.

चर्चेनंतर विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्यात आले. विधेयकातील कलमांचा बारकाईने विचार करून सुधारित मसुदा सभागृहापुढे ठेवणे, हे अशा समितीचे काम असते. समितीने मूळ मसुद्यात महत्त्वाचे बदल केले. बदललेल्या स्वरूपात विधेयकाचा मूळ हेतू साधत नाही असे दिसल्यावर आंबेडकरांनी २४ जुलै १९२९ रोजी ते मागे घेतले.

लोकांपुढील मांडणी

विधेयकाची दुसरी बाजू कायदेमंडळाबाहेरची होती. वतन हा जाच असला, तरी अनेक कुटुंबांपाशी असलेली ती एकमेव जमीन होती. बलुत्याचे धान्य अपुरे असले, तरी ते वर्षाचा आधार होते. गावच्या व्यवहारात वतनदार म्हणून असलेल्या मानपानाची ओढही होती. त्यामुळे वतन सोडण्यास अनुकूल कायदा होण्याआधी वतन का सोडावे, हे ते बाळगणाऱ्यांना पटवून देणे भाग होते.

हे काम प्रामुख्याने ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातून झाले. आंबेडकरांनी ते ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केले होते आणि महार वतनाच्या प्रश्नाची त्यांनी त्यात सविस्तर मांडणी केली. वतनाचे उत्पन्न आणि त्यासाठी द्यावा लागणारा वेळ यांचा हिशेब वाचकाने स्वतः करावा, हा या प्रतिपादनाचा गाभा होता. साक्षरता अत्यल्प असल्याने लेख वाचून दाखवणे आणि सभांतून विषय समजावणे यांनाही महत्त्व होते. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेतही गावकीची हलकी कामे सोडून शेतीकडे वळण्याचा उपदेश त्यांनी केला होता. १९३० च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘जनता’ या नियतकालिकाने पुढे हे कार्य चालू ठेवले.

या प्रचारात आर्थिक युक्तिवादाबरोबर स्वाभिमानाचाही युक्तिवाद होता. जन्माने ठरलेले व मनाविरुद्ध करावे लागणारे काम हे गुलामीचे लक्षण आहे. म्हणून वतनाचा प्रश्न हा केवळ मोबदला वाढवण्याचा प्रश्न नाही, अशी आंबेडकरांची धारणा होती.

१९३७ चे विधेयक

१५ ऑगस्ट १९३६ रोजी आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमानुसार १९३७ मध्ये झालेल्या निवडणुकीत ते मुंबई शहरातून प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. १७५ सदस्यांच्या या सभागृहात त्यांच्या पक्षाचे बहुतेक उमेदवार यशस्वी झाले. आता ते मतदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुणे येथील अधिवेशनात त्यांनी दोन विधेयके मांडली. एक कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे आणि दुसरे १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे. खोती विधेयकाच्या पाठिंब्यासाठी १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा नेला. सभागृहातील प्रस्तावामागे सभागृहाबाहेरील जनमत उभे करण्याची पद्धत येथे अधिक ठळक झाली.

दोन्ही विधेयके कायद्यापर्यंत पोहोचली नाहीत. नोव्हेंबर १९३९ मध्ये बाळ गंगाधर खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, प्रांतात गव्हर्नरची राजवट आली आणि विधानसभेचे कामकाज थांबले.

हरेगाव आणि सिन्नर परिषदा

कायदेमंडळाचा मार्ग बंद झाल्यावर वतनाचा प्रश्न परिषदांच्या मार्गाने पुढे नेण्यात आला. डिसेंबर १९३९ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली.

यानंतर सरकारने वतनी जमिनींवरील आकारणी वाढवली. वतनदाराकडून सेवा पूर्वीप्रमाणेच घ्यायची, बलुत्याची हमी द्यायची नाही आणि जमिनीवरील देणे मात्र वाढवायचे, असा या निर्णयाचा परिणाम होता. १९२८ च्या विधेयकात पूर्ण शेतसारा भरण्याची तयारी दाखवली होती, परंतु ती सेवेतून मुक्ततेच्या बदल्यात. नव्या आकारणीत मुक्तता नव्हती. बोजा तेवढा होता.

याविरुद्ध ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नर येथे परिषद झाली. सिन्नर हे नाशिकच्या आग्नेयेस, नाशिक–पुणे मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. अध्यक्षस्थानी असलेल्या आंबेडकरांनी वाढीव आकारणीचा निषेध केला आणि करबंदीच्या लढ्याची घोषणा केली. या प्रश्नावर त्यांनी गव्हर्नरकडेही दाद मागितली. १९२८ मध्ये कायदेमंडळात दिलेल्या संपाच्या इशाऱ्यानंतर वतनदारांनी एकत्रितपणे सरकारी देणे नाकारण्याची भाषा सिन्नरला झाली, म्हणून वतनाच्या लढ्यात या परिषदेला विशेष स्थान आहे.

नाशिक जिल्ह्याचे स्थान

सिन्नरची निवड आकस्मिक म्हणता येत नाही. १९३० ते १९३५ या काळातील काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रहामुळे नाशिक शहर व जिल्ह्यातील खेड्यांत कार्यकर्त्यांचे जाळे तयार झाले होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती याच जिल्ह्यातील येवले येथील परिषदेत. सत्याग्रहाच्या काळात गावोगावी बहिष्काराला तोंड द्यावे लागल्याने बलुते आणि गावकी यांतील परावलंबनाचा अनुभव येथील लोकांना ताजा होता.

जिल्ह्यातील संघटनेची धुरा कर्मवीर दादासाहेब उर्फ भाऊराव कृष्णराव गायकवाड (१९०२–१९७१) यांच्याकडे होती. दिंडोरी तालुक्यातील आंबे हे त्यांचे जन्मगाव. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. आंबेडकरांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रकाशित झाली असून या काळातील चळवळीच्या अभ्यासासाठी ती महत्त्वाचे साधन मानली जातात. गायकवाड १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. वतने नष्ट होण्याच्या सुमारास, १९५९ मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. वतनी जमिनीचा तुकडाही ज्यांच्या वाट्याला नव्हता त्यांचा प्रश्न त्यातून पुढे आला.

१९५८ चा निर्मूलन कायदा

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने वतने टप्प्याटप्प्याने रद्द केली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. खोती नष्ट करणारा कायदाही त्याच सुमारास झाला. कनिष्ठ गावकामगारांच्या वतनांसाठीचा अधिनियम १९५९ च्या पहिल्या क्रमांकाचा कायदा म्हणून संमत झाला व १ ऑगस्ट १९५९ रोजी अमलात आला. मुलकी पाटलांची वतने १९६२ च्या कायद्याने संपली. म्हणजे गावगाड्यातील सर्वांत खालच्या पायरीवरील सेवकाला कुलकर्ण्यानंतर नऊ वर्षे थांबावे लागले.

या कायद्याने वतनाशी निगडित सेवा व हक्क रद्द झाले. वतनी जमिनी प्रथम सरकारजमा होऊन, पूर्ण आकाराच्या तिप्पट इतकी कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर वतनदारांना परत देण्याची तरतूद करण्यात आली. पुढे त्यांनी नेहमीप्रमाणे शेतसारा भरावयाचा होता. सेवा संपावी आणि जमीन वतनदाराकडेच राहावी, हे १९२८ च्या विधेयकातील सूत्र येथे प्रत्यक्षात आले. डॉ. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले असल्याने हा कायदा त्यांना पाहता आला नाही.

पुनःप्रदान केलेल्या जमिनी ‘नवीन व अविभाज्य शर्ती’च्या ठरवण्यात आल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता किंवा वाटून घेता येत नव्हत्या. जमीन कमी किमतीत हातची जाऊ नये, हा या निर्बंधाचा हेतू होता. या शर्तीत नंतर दुरुस्त्याही झाल्या. सातबारा उताऱ्यावरील भोगवटादार वर्ग २ ही नोंद आणि महार वतन असा उल्लेख यांमुळे अशा जमिनींचे वेगळेपण आजही ओळखता येते. कब्जेहक्काची रक्कम मुदतीत न भरणे, परवानगीशिवाय झालेले हस्तांतर आणि वारसांची मोठी संख्या ही या जमिनींसंबंधीच्या वादांची नेहमीची कारणे आहेत.

मूल्यमापन

संमत झालेल्या कायद्यांच्या यादीत महार वतन विधेयकाचे नाव नाही. अशासकीय विधेयकांपैकी फारच थोडी कायद्यात रूपांतरित होतात, हे आजच्या विधिमंडळांतही दिसते. तथापि, या विधेयकाने दोन गोष्टी साध्य केल्या. वतनाच्या प्रश्नाला तक्रार व अर्ज यांच्या पातळीवरून कलमवार कायदेशीर मागणीच्या पातळीवर आणले आणि त्यासंबंधी सरकारची भूमिका सभागृहाच्या नोंदीत आणली.

दुसरीकडे, विधेयकाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. ते मुख्यतः वतनदार कुटुंबांपुरते होते. मुक्त झालेल्या वतनदाराच्या हाती राहणारी जमीन अनेक ठिकाणी उपजीविकेला अपुरी होती. त्यामुळे सरकारी पडीक जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात ही मागणी वतनाच्या मागणीला पूरक ठरली आणि पुढे तिनेच स्वतंत्र चळवळीचे रूप घेतले.

हे सुद्धा पहा

बलुतेदार
खोती पद्धत
स्वतंत्र मजूर पक्ष
दादासाहेब गायकवाड
काळाराम मंदिर सत्याग्रह
बहिष्कृत भारत
सिन्नर